बोनच्या चर्चच्या वह्या आणि सहा शतकांचे ऋतुमान

देवस्थानाच्या कारभारात वावरलेल्या माणसास जमाखर्चाच्या वहीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. दिवाबत्तीचे तेल, वाजंत्र्यांचे वेतन, नारळाच्या पाडपाची जमा, भाताच्या कापणीची मजुरी, असे सारे तीत तारीखवार उतरलेले असते. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात त्या दिवसाचा हिशेब चोख राहावा, यापलीकडे दुसरा हेतू नसतो. परंतु पुष्कळ काळ लोटला की अशा वहीस लिहिणाऱ्याने कधीही न योजिलेला अर्थ प्राप्त होतो. फ्रान्स देशातील बोन या लहानशा गावी असेच घडले. तेथील चर्चच्या आणि नगरसभेच्या दप्तरांत द्राक्षांच्या तोडणीचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जात होते. त्या दिवसांवरून अभ्यासकांनी इ. स. १३५४ पासून पुढील ऋतूंचा इतिहास उलगडला आहे. त्याचा परिचय वाचकांस करून द्यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

विषय द्राक्षांच्या मद्याशी निगडित आहे हे पाहून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. मद्याची थोरवी गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ऊन, पाऊस आणि थंडी यांचा हिशेब एखाद्या पिकात किती बारकाईने उतरतो, आणि तो हिशेब माणसाने कसा जपला, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

बोन हे गाव फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी प्रांतात आहे. दिजाँ शहरापासून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत उतरणींची एक चिंचोळी पट्टी पसरलेली आहे. या उतरणींचे तोंड बहुतांशी पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचे ऊन त्यांवर प्रथम पडते. जमीन चुनखडीची आणि पाण्याचा निचरा करणारी आहे. येथील प्रसिद्ध तांबडे मद्य पिनो न्वार नावाच्या एकाच जातीच्या काळ्या द्राक्षापासून होते. ही जात नाजूक, कमी पीक देणारी आणि पातळ सालीची आहे. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याने गामे नावाची भरघोस पिकणारी दुसरी जात उपटून टाकण्याचे फर्मान काढले. अधिक पिकाच्या लोभाने प्रांताची कीर्ती बुडेल, अशी त्यास धास्ती होती. तत्पूर्वीच सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी वूजो येथे मोठा मळा उभारून त्यास दगडी कुंपण घातले होते. कोणत्या वाफ्यातील द्राक्ष कसे उतरते, याचे निरीक्षण या मठांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

येथे एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. फ्रेंच भाषेत 'क्लिमा' म्हणजे हवामान. परंतु बर्गंडीतील शेतकरी हाच शब्द शेताच्या एका निश्चित तुकड्यास लावतो. आमच्याकडे प्रत्येक मळ्यास, कुळागरास जसे स्वतःचे नाव असते, तसे तेथे प्रत्येक क्लिमास नाव आहे. २०१५ साली युनेस्कोने बर्गंडीच्या या क्लिमांना जागतिक वारशात स्थान दिले. जमीन आणि आकाश यांना एकाच नावाने हाक मारणाऱ्या लोकांनी आकाशाची नोंद ठेवावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

आता वेलीचे एक वर्ष कसे जाते ते पाहू. हिवाळ्यात वेल निष्पर्ण असते. छाटणी झालेल्या काड्यांवर मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलमध्ये डोळे फुगतात आणि कोवळी फूट बाहेर पडते. हा पहिला नाजूक काळ होय. एखाद्या स्वच्छ, निवांत रात्री पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरला की कोवळी फूट करपते आणि त्या वर्षीचे पीक एका रात्रीत हातचे जाते. गाढ हिवाळ्यातील थंडी वेल सहसा सोसते. तथापि थंडीने सीमा ओलांडली तर वेलही दगावते. १७०९ च्या जानेवारीत फ्रान्सवर जी भयंकर थंडी कोसळली, तीत देशभर असंख्य वेली मुळासकट मेल्या.

दुसरा नाजूक काळ जूनमधील फुलोऱ्याचा. द्राक्षाचे फूल इतके बारीक असते की दुरून ते फूल आहे असे वाटतही नाही. या दिवसांत कोरडी, उबदार हवा लागते. थंडी आणि पाऊस आला तर फलधारणा नीट होत नाही, आणि नाशिक-सांगलीकडील बागायतदार जिला मणीगळ म्हणतात ती होऊन घड विरळ राहतात. आंब्याच्या मोहरावर ढगाळ हवा आली असता बागवाल्याच्या पोटात जो गोळा उठतो, तोच तेथील शेतकऱ्याच्या पोटात जूनच्या पावसाने उठतो. मात्र विरळ घडाचा एक गुणही आहे. वेलीचे बळ थोड्या मण्यांत वाटले गेल्यामुळे त्या मण्यांचा रस अधिक कसदार होतो. १९४५ चे वर्ष याचे ठळक उदाहरण आहे. त्या वर्षी वसंतातील दहिवर आणि गारपीट यांमुळे रोमाने-काँती या विख्यात मळ्यातून अवघ्या ६०० बाटल्या मद्य निघाले. नंतर तेथील जुन्या वेली उपटण्यात आल्या आणि पुढील मद्य निघण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्या ६०० पैकी एक बाटली २०१८ साली न्यूयॉर्क येथील लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. मूल्य इतके वाढण्यास दुर्मिळता आणि लौकिक हीही कारणे आहेत, परंतु मुळाशी त्या वर्षीचे आकाश आहे, हे विसरता येत नाही.

फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत ढोबळमानाने शंभर दिवस लागतात. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये हिरवे टणक मणी मऊ होऊन रंग धरू लागतात. आमच्याकडील बागायतदार यासच मण्यात पाणी उतरणे असे म्हणतात. यापुढील सहा-सात आठवड्यांत मद्याचे भवितव्य ठरते. उन्हाच्या बळावर मण्यात साखर साठते. उष्णतेने आम्लता घटते, आणि विशेषतः हिरव्या फळातील मॅलिक आम्ल कमी होते. पिनो न्वारचा रस जवळजवळ रंगहीन असतो. मद्यास येणारा तांबडा रंग आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा ही सालीची देणगी असून, रस सालीसह आंबवल्याने ती मद्यात उतरते. म्हणून साल नीट पिकणे अगत्याचे. वर्ष थंड गेले तर मद्य आंबट, फिके आणि हिरवट वासाचे होते. अशा वर्षी रसात साखर घालण्याची युक्ती तेथे रूढ आहे. नेपोलियनच्या काळातील रसायनज्ञ व मंत्री शाप्ताल याने १८०१ च्या सुमारास तिचा पुरस्कार केल्यामुळे तिला त्याचेच नाव मिळाले. याउलट उष्णतेचा अतिरेक झाला तर साखर भरपूर असते, परंतु आम्लता उरत नाही आणि दीर्घकाळ टिकण्याचे सामर्थ्य कमी पडते. दिवसा ऊन, रात्री गारवा, मुळांना बेताचीच तहान, असा मेळ जमला म्हणजे मद्य उत्तम उतरते. हा मेळ दशकातून मोजक्याच वर्षी जमतो.

पावसाचा हिशेबही असाच तोलाचा आहे. हिवाळ्यातील पाऊस जमिनीत मुरून पुढे वेलीच्या उपयोगी पडतो. तोडणीच्या तोंडावर आलेला पाऊस मात्र मण्यात पाणी भरून रस पातळ करतो, साल तडकवतो आणि घडावर करडी बुरशी आणतो. पिनोचे घड दाट आणि साल पातळ, म्हणून त्यास हे भय अधिक. दमट उन्हाळ्यात पानांवर भुरी आणि केवडा हे रोग येतात. केवड्यावर १८८५ मध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण सुचविले. हेच ते बोर्डो मिश्रण. आमच्या कुळागरांतून पोफळीच्या कोळेरोगावर आजही तेच फवारले जाते, परंतु त्याचा जन्म फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत झाला, हे थोड्यांस ठाऊक असेल.

याप्रमाणे तोडणीचा दिवस हा त्या वर्षीच्या एप्रिलपासूनच्या उष्णतेची बेरीज असतो. ऋतू उबदार असेल तर द्राक्ष लवकर पिकते, थंड असेल तर उशिरा. सरासरी उष्णता एका अंशाने वाढली तर तोडणी आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक अलीकडे येते, असा अनुभव आहे. हा दिवस लिहून ठेवण्याचे कारण मात्र हवामान नव्हते. जुन्या फ्रान्समध्ये कोणास मन मानेल तेव्हा द्राक्षे तोडण्याची मुभा नसे. गावातील जाणत्या माणसांनी मळे पाहून यावे, पक्वतेचा अंदाज द्यावा, आणि मग अधिकाऱ्यांनी तोडणीचा दिवस जाहीर करावा, अशी रीत होती. तीस 'बाँ दे व्हाँदांज' म्हणजे तोडणीची द्वाही असे म्हणत. सर्वांनी एकाच सुमारास तोडणी केली म्हणजे चोरी आवरते, चर्चचा दशमांश वसूल करणे सोपे जाते, आणि अपक्व द्राक्षांमुळे गावाचे नाव खराब होत नाही, असे तीन हेतू त्यात होते. बोनच्या नोत्रदाम चर्चचे स्वतःचे मळे होते. तोडणीच्या मजुरांना कोणत्या दिवशी काय दिले, हे तेथील हिशेबनिसांनी लिहून ठेवले. पुढे नगरसभेच्या ठरावांत आणि एकोणिसाव्या शतकापासून वृत्तपत्रांतही हे दिवस आढळतात.

या नोंदींचे मोल प्रथम हवामानशास्त्रज्ञांनी ओळखले. आल्फ्रेड आंगो याने १८८० च्या दशकात फ्रान्सभरच्या तोडणीच्या तारखा गोळा केल्या. पुढे इतिहासकार एमान्युएल ल रुआ लादुरी याने १९६७ मध्ये इ. स. १००० पासूनच्या हवामानाचा इतिहास लिहिला, तेव्हा या तारखा त्याचा एक मोठा आधार ठरल्या. राजे आणि लढाया यांपलीकडे ऊन-पावसालाही इतिहास आहे, ही दृष्टी त्या ग्रंथाने रुजविली. २०१९ साली तोमा लाबे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मूळ दप्तरे पुन्हा तपासून बोनची १३५४ ते २०१८ अशी सलग मालिका प्रसिद्ध केली.

अशी मालिका तयार करणे सोपे नाही. शके, संवत आणि सन यांचा मेळ घालताना आमच्या संशोधकांस जी दक्षता घ्यावी लागते, तीच तेथेही लागते. फ्रान्सने १५८२ च्या डिसेंबरात नवी दिनगणना स्वीकारली आणि ९ तारखेनंतर एकदम २० तारीख आली. म्हणून त्यापूर्वीच्या तारखांत सुधारणा केल्यावाचून पुढील तारखांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी तर पंचांगच नवे झाले. त्यातील पहिल्या मासाचे नाव 'व्हाँदेमियेर', म्हणजे द्राक्षतोडणीचा मास, असे होते. तो सप्टेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास सुरू होई. १८०६ च्या आरंभी ते पंचांग बंद झाले. याखेरीज युद्ध, साथीचे रोग आणि लोकांच्या बदलत्या आवडी यांनीही तोडणी मागे-पुढे होते. १५४० च्या भयंकर उष्ण व अनावृष्टीच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या काही भागांत मणी वेलीवरच सुकले, आणि पाऊस येऊन ते भरतील या आशेने लोकांनी तोडणी लांबविली. केवळ तारीख पाहणाऱ्यास ते वर्ष होते त्याहून थंड वाटेल. म्हणून तारखेच्या जोडीला त्या काळची कैफियतही वाचावी लागते.

आता दोन वर्षे शेजारी ठेवून पाहू. १८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसत होता. उन्हाळा उत्तम गेला, तोडणी लवकर झाली आणि मद्य नामांकित उतरले. लोकांनी त्यास 'धूमकेतूचे मद्य' असे नाव देऊन सारे श्रेय त्या पाहुण्यास दिले. वस्तुतः धूमकेतू सर्वाधिक तेजस्वी दिसला तो ऑक्टोबरात, आणि तोवर बर्गंडीतील द्राक्षे पिंपांत जाऊन पडली होती. यश उन्हाचे होते. पाचच वर्षांनी याच्या अगदी उलट घडले. १८१५ च्या एप्रिलात इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यातून वातावरणात उंच गेलेल्या गंधकयुक्त सूक्ष्म कणांनी सूर्याचा ताप अडवला, आणि १८१६ साली पश्चिम युरोपास उन्हाळाच आला नाही. ऑक्टोबर येऊनही द्राक्षे हिरवीच राहिली. तोडणी अतिशय उशिरा झाली, मद्य आंबट झाले आणि धान्यही महागले. ज्या धूमकेतूची वाहवा झाली त्याचा मद्याशी संबंध नव्हता, आणि ज्या ज्वालामुखीचे नावही बर्गंडीच्या शेतकऱ्यास ठाऊक नव्हते त्याने त्याचे वर्ष बुडविले. चर्चचा हिशेबनीस कारणे सांगत बसला नाही, केवळ दिवस लिहीत गेला. म्हणून त्याच्या पिढीची समजूत चुकली तरी त्याची नोंद चुकली नाही.

या मालिकेचे सर्वांत गंभीर सांगणे मात्र आपल्याच काळाविषयी आहे. १९८८ पूर्वीच्या शतकांत बोन येथे तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होई. आमच्या पंचांगाच्या भाषेत बोलावयाचे तर सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो, त्या वेळी. १९८८ ते २०१८ या काळात ती सरासरी तेरा दिवसांनी अलीकडे आली, म्हणजे हस्त सोडून उत्तरा नक्षत्राच्या आरंभी गेली. पूर्वीही विलक्षण उष्ण वर्षे येत, परंतु ती अपवादादाखल येत. २००३ ते २०१८ या सोळा वर्षांपैकी आठ वर्षांतील वसंत-उन्हाळा सहा शतकांच्या मापाने असामान्य ठरला. अपवाद हाच नियम झाला.

बेंजामिन कुक आणि एलिझाबेथ वोलकोविच यांनी २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पूर्वी तोडणी फार लवकर येण्यास उष्णतेबरोबर अवर्षणही लागे, कारण कोरडी जमीन अधिक तापते. १९८० नंतर हा संबंध सुटू लागला. आता अवर्षण नसतानाही ऋतू इतका तापतो की द्राक्ष लवकर पिकते. प्रथम याचा लाभच झाला. ज्या थंड प्रांतात पूर्वी दहातील मोजकीच वर्षे चांगली जात, तेथे चांगली वर्षे वारंवार येऊ लागली. परंतु २००३ च्या उन्हाळ्यात तोडणी ऑगस्टमध्येच करावी लागली, मणी उन्हाने भाजले, आणि बऱ्याच मद्यांत मुरंब्यासारखा जडपणा आला. २०२१ साली निराळेच संकट आले. मार्चअखेरच्या उष्म्याने वेली लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दहिवराने ती फूट करपली. शेतकरी रात्रभर मळ्यांत मेणबत्त्यांच्या व शेगड्यांच्या रांगा पेटवून बसले, तरी पुष्कळ पीक गेले. उष्णता वाढली म्हणून थंडीचे भय गेले नाही. फूट लवकर येऊ लागल्यामुळे ते आता वेगळ्या वाटेने येते.

बोन गावाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १४४३ मध्ये ड्यूकचा मुख्य कारभारी निकोला रोलाँ आणि त्याची पत्नी गिगोन यांनी तेथे गोरगरिबांसाठी धर्मार्थ रुग्णालय स्थापिले. भाविकांनी त्यास वेळोवेळी द्राक्षमळे दान दिले. आमच्याकडे देवाच्या नंदादीपासाठी जमीन लावून देत, त्याच जातीचे हे दान होय. १८५९ पासून दर नोव्हेंबरात तेथील मद्याचा जाहीर लिलाव होतो. आमच्याकडे ज्यास पावणी म्हणतात तोच प्रकार. त्याचे उत्पन्न धर्मकार्यास जाते, आणि त्या वर्षीच्या मद्याचा भाव काय राहणार, याचा पहिला अंदाजही तेथेच मिळतो. म्हणजे ऋतू, धर्मादाय आणि हिशेब यांची गाठ त्या गावात आजतागायत सुटलेली नाही.

ही हकीकत येथे सविस्तर देण्याचे कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. स्पेनमधील चर्चांच्या दप्तरांत पर्जन्यासाठी काढलेल्या मिरवणुकांच्या नोंदी आहेत. त्यांवरून तेथील संशोधकांनी जुन्या अवर्षणांचा इतिहास मांडला. आमच्याकडेही पाऊस लांबला की देवास अभिषेक होतात, अनुष्ठाने बसतात, आणि त्यांचा खर्च कोणत्या ना कोणत्या वहीत पडतो. उत्सव तिथीने ठरतात, म्हणून त्यांच्या तारखांवरून ऋतू कळत नाही. परंतु भाताच्या कापणीची मजुरी, सुपारीची जमा, पुराने वाहून गेलेल्या बांधाची दुरुस्ती आणि अनावृष्टीमुळे सोडलेला खंड यांच्या तारखा आकाशाने ठरविलेल्या असतात. त्या वह्या मोडीत लिहिलेल्या आहेत. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत, आणि कोकणपट्टीची दमट हवा व वाळवी कोणाची वाट पाहत नाहीत.

म्हणून महाजनांस आणि विश्वस्तांस आमची एवढीच विनंती आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करताना माळ्यावरील जुनी दप्तरे रद्दीत जाऊ देऊ नयेत. ती सावलीत वाळवावीत, कोरड्या कपाटात ठेवावीत, जाणकाराकडून त्यांची यादी करून घ्यावी, आणि जमल्यास छायाचित्रे घेऊन ठेवावीत. त्यांतून काय निघेल हे आज कोणी सांगू शकणार नाही. बोनच्या हिशेबनिसासही ते सांगता आले नसते. त्याने मजुरांचे पैसे चुकते केले, दिवस लिहिला आणि वही जागेवर ठेवली. त्याच्यामागून आलेल्यांनी ती जपली, म्हणून आज ती वाचता आली.